देम्यानच्या डोळ्यांनी

देम्यान शुबिनचा चेहरा त्या सिनेमात एकदाही दिसत नाही. दिसतात ते त्याचे हात. दीड तास तेच हात दारं फोडतात, गळे आवळतात, खिडक्या उचकटतात. बघणाऱ्याला वाटतं हात आपलेच आहेत, कारण सगळा सिनेमा नायकाच्या डोळ्यांतून दिसतो. नायक वळला की पडदा वळतो, नायक पडला की जमीन अंगावर येते. नायकाला नाव नाही, तोंड नाही, एक वाक्यसुद्धा नाही. एका खाजगी दवाखान्यात डांबून ठेवलेला माणूस पळतो आणि संध्याकाळपर्यंत मॉस्कोच्या दुसऱ्या टोकाला पोचतो, एवढीच गोष्ट. वाटेत जो आडवा येईल त्याला तो तुडवतो.

मी सावेली. दोर बांधणं, गाद्या घालणं, पडणाऱ्याच्या कपड्यांखाली जाड पट्टे भरणं ही तिथली माझी कामं. देम्यानला मी त्या सिनेमाच्याही आधीपासून ओळखत होतो, आणि त्याच्या सासऱ्याला तर देम्यानच्याही आधीपासून.

सासरा म्हणजे कपितोन ल्वोविच. मी दोर बांधायचो त्या सर्कशीतला घोडेस्वार. धावत्या घोड्याच्या पोटाखालून पलीकडे निघायचा, उभ्याने दोन घोडे हाकायचा. देम्यान सोळाव्या वर्षी त्याच्या हाताखाली आला तो व्होल्गेकाठच्या एका अनाथाश्रमातून, अंगावरच्या कपड्यांनिशी. कपितोन त्याला ‘शिंगरू’ म्हणायचा. शिकवायची त्याची एकच रीत होती. घोडा पळत असताना स्वाराचं डोकं हलता कामा नये, म्हणून तो चाबकाची मूठ पोराच्या हनुवटीखाली धरून सोबत धावायचा. डोकं हललं की मूठ हनुवटीवर बसायची. नऊ वर्षं हे चाललं. देम्यानच्या हनुवटीखाली अजून पांढरा व्रण आहे, तिथे दाढी उगवत नाही. पण धावताना, उड्या मारताना, पायऱ्यांवरून घसरतानासुद्धा त्याचं डोकं पाण्याने भरलेल्या बशीसारखं स्थिर राहायचं. असं डोकं मी दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर पाहिलं नाही.

सर्कस मोडल्यावर दोघं मॉस्कोत सिनेमाच्या मारामारीत आले. देम्यानने कपितोनच्या मुलीशी, रिम्माशी लग्न केलं. ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या करायची. बुटकी, हसरी, आणि बापाला तोंडावर उत्तर देणारी जगातली एकुलती एक व्यक्ती. लग्नाच्या जेवणात कपितोनने पेला उचलून सांगितलं होतं, “घोडी मी दिली, खोगीर मी दिलं, आता शिंगराला बसता येतंय का बघू.” सगळे हसले. देम्यानही हसला. त्याला हसायला शिकवलेलं होतं.

दिग्दर्शक ग्लेब एकोणतीस वर्षांचा होता. तोवर त्याने बुटांच्या आणि गाड्यांच्या जाहिराती केल्या होत्या. त्याने देम्यानला धावताना पाहिलं आणि दुसऱ्या कुणाला बोलावलंच नाही. देम्यानच्या तोंडावर एक पत्र्याची चौकट बसवली जायची, डोळ्यांच्या रेषेत दोन छोटे कॅमेरे, मागे पट्टे. चौकट हलू नये म्हणून तिचा एक रबरी तुकडा दातांत धरावा लागायचा. आम्ही त्या चौकटीला लगाम म्हणायचो. लगाम चढला की देम्यानला बोलता यायचं नाही. आणि बोलता न येणाऱ्या माणसासमोर लोक काहीही बोलतात. “हा अजून किती दिवस टिकेल?” ग्लेब त्याच्यासमोरच विचारायचा. “मान सुजलीय वाटतं. दुसरा बघून ठेवा.” देम्यान अंगठा वर करायचा. म्हणजे मी ठीक आहे.

साध्या सिनेमात ठोसा लागत नाही. कॅमेरा बाजूला असतो, मूठ नाकापासून वीतभर लांबून जाते आणि मार खाणारा मान झटकतो. इथे कॅमेराच मारणाऱ्याच्या डोळ्यांत. मूठ कुठे गेली ते स्वच्छ दिसतं. पहिल्या आठवड्यातच ग्लेब म्हणाला, “खोटं दिसतंय. लागू दे.” त्या दिवसापासून लागायला लागलं. आमचे लोक दातांवर रबर घालून, बरगड्यांवर पट्टे बांधून मार खायचे. सुरुवातीला देम्यान प्रत्येक शॉटनंतर धावत जाऊन माफी मागायचा, लगाम तोंडात असताना, छातीवर हात ठेवून. महिन्याभराने ते थांबलं. चालायचंच, असं आम्ही समजलो.

त्याच हिवाळ्यात कपितोन घरी बसला होता. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, वय एकसष्ट, कामाला कुणी बोलवेना. दिवसभर खिडकीशी बसून चहा प्यायचा आणि रिम्माच्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. एक दिवस देम्यानला म्हणाला, “तुझ्या त्या पोराटोरांच्या सिनेमात एक म्हातारा लागत नाही का रे? का सासऱ्याची लाज वाटते?”

रिम्मा म्हणाली, “बाबा, तुमचा खुबा अजून नीट बसलेला नाही.”

“तू कवळ्या बसव. माझा खुबा मला ठाऊक.”

देम्यानने ग्लेबशी बोलून त्याला पहारेकऱ्याचं काम मिळवून दिलं. रिम्माला त्याने सांगितलं, “दारात उभे राहतील, एक थप्पड खातील, बाजूला होतील. पडणं नाही.” हे त्याने माझ्यासमोर सांगितलं. तेव्हा तो खरं बोलत होता, असं मला वाटतं.

शहराबाहेर एक बंद पडलेलं आरोग्यधाम होतं. त्याचा दगडी जिना चौदा पायऱ्यांचा, मध्ये चौक, चौकाच्या खिडकीबाहेर शेडचं छप्पर. फेब्रुवारी महिना, आत-बाहेर सारखीच थंडी. ग्लेबने कपितोनला एकदा दारात थप्पड खाऊन कोलमडताना पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले.

“आजोबा, तुम्हाला तर पडता येतं!”

“तुझा बाप रांगत होता तेव्हापासून,” कपितोन म्हणाला.

“मग जिन्यावरून?”

देम्यानने लगामातूनच मान हलवली. नाही. दोन्ही हातांनी नाही म्हटलं. कपितोनने ते पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “शिंगरू घाबरलं. अरे, मार पुरुषासारखा. माझी पोरगी तुझ्याहून जोरात मारते, विचार तिला!” मंडळी खिदळली. देम्यानचे हात खाली आले.

मी चौकात गाद्या घातल्या, वर गालिचा टाकला. पहिल्या टेकला देम्यानची नजर खाली गेली आणि गादीची कड दिसली. नायकाच्या डोळ्यांनी सिनेमा करायचा म्हणजे लपवायला जागाच उरत नाही. तो कुठेही बघू शकतो. म्हणून शॉटच्या वेळी आम्ही सगळे लपायचो. कुणी खांबामागे, कुणी दारामागे. ग्लेब बाहेर गाडीत बसून पडद्यावर बघायचा.

“गाद्या काढ,” ग्लेब म्हणाला.

मी कपितोनकडे बघितलं. “कपितोन ल्वोविच, दगड आहे खाली.”

“काढ रे. मी काय अंडं आहे?”

मी काढल्या. माझ्या या हातांनी काढल्या. कोटाखाली पट्टे होते, पाठीला, कोपरांना, खुब्याला. मानेला नव्हते. मानेचा पट्टा कॉलरमधून दिसला असता.

दुसरा टेक भिंगावर वाफ धरली म्हणून गेला. तिसऱ्यात टोपी उडाली नाही. चौथ्यात ग्लेब गाडीतून उतरून आत आला आणि म्हणाला, “आजोबा, फार सुंदर पडताय. सर्कस वाटते. मला माणूस पडलेला हवा.” एवढं बोलून गेला. कपितोनचा चेहरा मी पाहिला. सबंध आयुष्यात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. पाचव्या, सहाव्या टेकला तो वेडंवाकडं पडायच्या प्रयत्नात होता आणि जमत नव्हतं. अंग आपोआप गोल व्हायचं. दर खेपेला उठून धूळ झटकायचा, वर चढायचा, देम्यानला टोमणा मारायचा. सहाव्यानंतर मी ऐकलं, “तुला अनाथाश्रमात राहू द्यायला हवं होतं. तिथे निदान खाटा साफ केल्या असत्यास.”

सातव्या टेकला देम्यानने छातीवर लाथ मारली. आधीच्या सहा वेळा तो पायाचा तळवा टेकवून ढकलायचा. या वेळी टाच होती. मी खांबामागून पाहिलं. माझ्या कामात तळवा आणि टाच ओळखावीच लागते.

कपितोन गोल झाला नाही. मागच्या मागे गेला, सहाव्या पायरीवर मान आपटली आणि चौकात येऊन थांबला. देम्यान त्याच्यामागून उतरला, खिडकीतून छपरावर, छपरावरून अंगणात, अंगणातून फाटकापर्यंत पळाला. चाळीस सेकंद. शॉट चालू होता, म्हणून आम्ही कुणीही खांबाआडून बाहेर आलो नाही. देम्यान चौकातून जाईपर्यंत तर मी डोकंही आत ओढून घेतलं होतं. मी कपितोनपासून पाच पावलांवर होतो. त्याची टाच दगडावर थरथरत होती. मग थरथरायची थांबली.

बाहेरून ग्लेबचा आवाज आला, “मिळाला! मिळाला रे!” गाडीपाशी टाळ्या वाजल्या.

मी जवळ गेलो तेव्हा कपितोनचे डोळे उघडे होते. “सावेली,” तो म्हणाला, “माझे पाय सरळ कर.” मी पायांकडे बघितलं. ते सरळच होते.

देम्यान फाटकाकडून चालत आला. मी लगामाचे पट्टे सोडले. रबर तोंडातून काढल्यावर थुंकी हनुवटीवरून ओघळली, ती त्याने पुसली नाही. पहिलं वाक्य बोलला, “मला दिसलंच नाही. यातून खालचं काही दिसत नाही.” अजून कुणी काही विचारलेलं नव्हतं.

रिम्मालाही त्याने हेच सांगितलं, हॉस्पिटलच्या बाकावर, तिचे दोन्ही हात धरून. लगाम तिने एकदा हातात घेऊन पाहिलेला होता. तिने विश्वास ठेवला. आम्हीही ठेवला, कारण त्याच्याबरोबर आम्हीही सुटत होतो. कपितोनने आधीच सही केलेली होती की जे होईल त्याला तो स्वतः जबाबदार. चौकशीला आलेल्या माणसाने तो कागद वाचला, आम्ही दिलेला चहा घेतला आणि गेला. कपितोन मानेपासून खाली लुळा पडला तो पडलाच. एक उजवा हात मनगटापर्यंत हलायचा, तेवढाच.

देम्यानने उरलेला सिनेमा पुरा केला. आणखी छत्तीस दिवस. सकाळी सासऱ्याला कूस बदलून द्यायचा, बकव्हीटची लापशी भरवायचा आणि कामावर यायचा. कामावर त्याच्या हाताचा मार आता इतका खरा बसायचा की दोघं सोडून गेले. ग्लेब खूश होता.

सिनेमा लागायला वर्ष गेलं. पहिल्या खेळाला रिम्माने यावं असं देम्यानला वाटत नव्हतं. पण कपितोननेच तिला पाठवलं. “जाऊन बघ, माझं पडणं ठेवलंय की कापलंय.” तिने निळा पोशाख घातला होता. ती आम्हा दोघांच्या मध्ये बसली.

जिना आला. पडद्यावर पहारेकरी हात पसरून आडवा झाला, शिवी दिली, एक बूट त्याच्या छातीत बसला. तो कोसळला. थिएटरभर ‘ओह’ झालं. पडदा पायऱ्या उतरू लागला. आणि चौकात पडदा थांबला.

थांबला आणि खाली झुकला. कपितोनचा चेहरा पडदाभर पसरला. डोळे उघडे, थेट आमच्याकडे बघणारे. ओठ हलत होते. आवाज नव्हता, तिथे ढोल वाजत होता. त्याचा उजवा हात उठला, बोटं बघणाऱ्याच्या पायाकडे आली. पडदा तसाच स्थिर, जराही न थरथरणारा. दोन सेकंद. थिएटरात दोन सेकंद किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं. मग देम्यानचा बूट शांतपणे त्या हातावरून पलीकडे गेला आणि समोर खिडकी आली.

थिएटर हसलं. आधी मागच्या रांगा, मग सगळं. तो बूट ज्या बेफिकिरीने हात ओलांडून गेला, त्याला हसले. काहींनी टाळ्या वाजवल्या. ग्लेब पहिल्या रांगेतून मागे वळून बघत होता, लोक कुठे हसतात ते. ते दोन सेकंद त्याने मुद्दाम ठेवले होते.

रिम्मा शेवटपर्यंत बसून राहिली. नंतर बाहेर जमा केलेले कोट परत घ्यायच्या रांगेत, माणसांच्या गर्दीत, तिने देम्यानला विचारलं, “बाबा काय म्हणत होते?”

“रिम्मा, इथे नको.”

“ओठ हलत होते. तू खाली बघत होतास. काय म्हणत होते?”

देम्यान हातातल्या कोटाच्या बिल्ल्याकडे बघत राहिला. “‘द्योमा, थांब.’”

आयुष्यात कपितोनने त्याला द्योमा, या रिम्माच्या लाडक्या नावाने, कधी हाक मारली नव्हती.

“आणि तुला दिसलंच नव्हतं,” रिम्मा म्हणाली. रांग पुढे सरकली. तिने आपला कोट घेतला, घातला, बटणं लावली, सगळी, खालपासून वरपर्यंत. मग त्याच्या थोबाडीत मारली. त्याचं डोकं हललं नाही. रांगेतला एक जण म्हणाला, “वा, सिनेमा अजून चालूच आहे!”

घरी गेल्यावर कपितोनने पहिला प्रश्न विचारला, “ठेवलंय?”

“ठेवलंय,” रिम्मा म्हणाली. “तो थांबला होता, बाबा. त्याने तुम्हाला पाहिलं आणि ओलांडून गेला.”

“ते मला काय सांगतेस? मी तिथेच होतो.” वर्षभर त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. “लोक काय म्हणाले?”

“हसले.”

कपितोनने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, “शिंगराला सांग, मला बघायचाय.”

सिनेमा लॅपटॉपवर घरी आला तेव्हापासून जे सुरू झालं ते मी दर रविवारी जाऊन पाहिलं आहे. कपितोन देम्यानला खाटेपाशी बसवायचा. “जिना लाव.” देम्यान लावायचा. “परत.” परत लावायचा. “आता थांबव, माझ्या तोंडावर. बघ. बघितलंस? आता सांग, काय म्हणतोय मी?” देम्यान सांगायचा. “परत लाव.” जेवणाआधी, जेवणानंतर. कधी पाहुण्यांसमोर. देम्यान कधी उठून गेला नाही, कधी उलटून बोलला नाही. लावायचा. त्याच हातांनी मग म्हाताऱ्याची चादर बदलायचा, पाठीवरच्या जखमा धुवायचा.

रिम्माने हे चार महिने सोसलं. एका रविवारी मी गेलो तर दारात दोन बॅगा होत्या. मला वाटलं देम्यान चालला. पण कोट तिने घातलेला होता.

“रिम्मा, वडिलांना असं टाकून जाणार?” मी विचारलं.

“टाकून कुठे? त्यांना जो हवाय तो आहे ना इथे.” आतून आवाज आला, “परत लाव.” ती म्हणाली, “ऐक. मी दोन वेळा तो लॅपटॉप लपवला, सावेली. दोन्ही वेळा द्योमाने शोधून काढला. बाबांनी नाही. द्योमाने.”

ती कझानला गेली. दातांचंच काम करते. तिथल्या एका इंजिनियरशी तिने लग्न केलं असं ऐकलं.

कपितोन त्यानंतर तीन वर्षं जगला. देम्यानची मान तोवर गेली होती. लगामाच्या वजनाने मणके झिजले होते. ग्लेबने दुसरा सिनेमा सुरू केला तेव्हा देम्यानला बोलावलं, पण काम करायला नाही, नव्या माणसाला धावायला शिकवायला. तो एक दिवस गेला आणि परत गेला नाही. अंत्ययात्रेला आम्ही सहा जण होतो. रिम्मा आली, मूठभर माती टाकली, देम्यानकडे न बघता स्टेशनवर गेली. ग्लेबने फुलांचं मोठं चक्र पाठवलं होतं. त्याच्या फितीवर कपितोनचं आडनाव चुकलं होतं.

गेल्या शरदात मी देम्यानला भेटायला गेलो. शहराबाहेर घोडेस्वारीची एक शाळा आहे, तिथे तो तबेला साफ करतो. मान वळत नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं तर समोर जाऊन उभं राहावं लागतं. आम्ही गवताच्या गठ्ठ्यांवर बसून काळा पाव आणि काकडीचं लोणचं खाल्लं. मी इकडचं तिकडचं बोललो. त्याने मला मध्येच थांबवलं.

“सावेली, तू टाच पाहिली होतीस.”

“हो.”

“कुणाला सांगितलं नाहीस.”

“नाही.”

“मला वाटायचं तू सांगशील. रोज वाट बघायचो.” त्याने पावाचा तुकडा संपवला. “तो ‘थांब’ म्हणाला ना, मला बरं वाटलं. आता लोक म्हणतात घाबरला असेल, गोंधळला असेल. नाही. मी उभा राहून ऐकलं. नऊ वर्षं मी त्याला हेच म्हणत होतो. मला ते अजून थोडं ऐकायचं होतं, पण शॉट चालू होता.”

एका घोड्याने लाकडावर खूर आपटला. देम्यान उठला, कमरेतून सबंध वळला आणि पाण्याच्या बादलीला हात घातला. ती उचलेना. “एवढी नेतोस का?” तो म्हणाला. मी बादली नेली. तो घोड्याच्या तोंडापाशी उभा राहून त्याला पाणी पिताना बघत होता. मी निघालो तेव्हाही तो तिथेच होता. निरोपाला समोर जावं लागलं असतं, म्हणून मी तसाच निघालो.